कारवानीचा पंजा आणि पायाखालची जमीन

कारवानी कुत्र्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, 'किती पळतंय?' म्हणजे ताशी किती किलोमीटर. आमच्याकडे सोलापूर भागात जुनी माणसं हे कधी विचारायचीच नाहीत, ती पिल्लू उचलून उताणं करायची आणि पंजे बघायची, बोटं दाबून, नखं चोळून, पायाखालच्या गाद्या कडक आहेत का मऊ ते अंगठ्याने चाचपून. लहानपणी मला वाटायचं काय येडेपणा आहे, तोंड बघा की आधी.

मग एकदा चुलतभावाने बाहेरून ग्रेहाउंड क्रॉस आणला. जत्रेच्या मैदानावर मोटारसायकलमागे दोरीला फडकं बांधून पळवला तर सगळ्यांना मागे टाकलं, गडी खूश. पण एप्रिलात तोच कुत्रा आमच्या म्हाताऱ्या कारवानीसोबत नांगरटीत खेळायला सोडला आणि दुसऱ्याच फेरीत लंगडायला लागला. ढेकळात एक नख उपटलं, बाभळीच्या काट्याने मांडीची कातडी कागदासारखी फाटली. आमचा म्हातारा मात्र निवांत. तो पळताना सारखा खाली-वर होत होता, ढेकळ टाळत, बांध आला की अंग गोळा करून पलीकडे.

यात त्या क्रॉसची चूक काहीच नाही, त्याचं अंग दुसऱ्याच जमिनीसाठी घडलेलं.

ही सगळी नजरेने शिकार करणारी कुत्री, म्हणजे साइटहाउंड, एकाच साच्यातली. खोल छाती, पोटाला घेर नाही, लवचिक पाठ. एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग ताणलेलं असताना आणि एकदा गोळा झालेलं असताना, चित्त्याचंही तसंच. वास काढत बसायचं नाही, दिसलं की सुटायचं, त्यामुळे यांना उघडी जमीन लागतेच. पण उघडी जमीन म्हणजे वाळू, कुरण, बर्फ, खडक काहीही असू शकतं, आणि साचा फुटतो तो तिथे.

अरबांची सलुकी घ्या. वाळवंटात चिंकारासारखं हरीण गाठायचं तर एका दमात काम होत नाही, लांब पळावं लागतं, म्हणून तिथे वेगापेक्षा दम बघितला गेला. बोटं लांब, बऱ्याच सलुकींना बोटांच्या मध्ये केस. शिकारीच्या जागेपर्यंत त्यांना उंटावर बसवून न्यायचे, तापलेल्या वाळूत पाय भाजू नयेत आणि दम राखून राहावा म्हणून. वर आकाशात ससाणा, खाली सलुकी.

इंग्लंडचा ग्रेहाउंड याच्या बरोबर उलट. मऊ गवताची कुरणं, समोर ससा, सगळा खेळ एक-दोन मिनिटांचा. ताशी ६०-७० किलोमीटर, पण थोडा वेळ. तिथली वॉटर्लू कप ही प्रसिद्ध स्पर्धा १८३६ ला सुरू झाली आणि शिकारबंदीच्या कायद्यामुळे २००५ मध्ये थांबली, आणि गंमत म्हणजे त्यात ससा मारण्यापेक्षा त्याला वळायला भाग पाडण्याला जास्त गुण होते. १९१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला यांत्रिक सशामागे पळवायचा ट्रॅक झाला, मग तर जमीनही माणसानेच सपाट करून दिली.

रशियात बर्फ आणि लांडगा, म्हणून बोर्झॉई उंच, दाट केसांचा, दोन-तीन मिळून सोडायचे आणि लांडग्याला मानेशी दाबून धरायचं, पुढचं काम शिकाऱ्याचं. स्कॉटलंडच्या डोंगरात सांबराएवढ्या लाल हरणामागे पळणारा डिअरहाउंड राठ केसांचा, पाऊस-वारा खाणारा. ह्यांच्याबद्दल एवढंच पुरे.

मला सगळ्यात भारी वाटतं ते अफगाण हाउंडचं प्रकरण, कारण एकाच नावाखाली दोन जमिनी सापडतात. १९२० मध्ये मेजर बेल-मरे यांनी स्कॉटलंडला जी कुत्री नेली ती बलुचिस्तानकडच्या सपाटीची, उंच, लांब पायांची, अंगावर केस कमी. १९२५ मध्ये मेरी अॅम्प्स यांनी काबूलहून 'गझनी' म्हणून आणली ती डोंगरातली, आटोपशीर अंगाची, केसाळ. मग खरा अफगाण कोणता यावर ब्रिटनमधल्या शौकिनांची जुंपली. अरे, दोन्ही खरे! डोंगरात सरळ पळून भागत नाही, दगडावरून दगडावर जायचं, जागच्या जागी वळायचं, त्यासाठी मोठे पंजे आणि कमरेची वर आलेली हाडं. आज डॉग शोमध्ये दिसणारा रेशमी पडद्यासारखा अफगाण ह्या दोघांच्या मिश्रणातून आला, आणि त्याच्या अंगावर आता एवढे केस की काबूलच्या डोंगरात पाच मिनिटांत काट्यांत अडकेल.

आता आपल्याकडे. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर ही कुत्री वायव्येकडून आली म्हणून कारवानी, असं सगळेच सांगतात, आणि सलुकी आणि ताझीशी (मध्य आशियातली अशीच शिकारी जात) चेहरेपट्टी जुळतेही. पण दख्खनने त्यांना हातात घेतलं. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, मधे मुरूम, माळावर कुसळं आणि सराटे. केसाळ कानाचा पश्मी प्रकार आपल्याकडे कमी दिसतो त्याचं कारण मला तरी ही कुसळंच वाटतात, हा माझा अंदाज बरं का. त्यात मेंढपाळांबरोबर दिवसभर चालायचं आणि खायला भाकरी-ताक. यात जे टिकलं त्याचीच पिल्लं पुढे गेली, कागदावरची वंशावळ वगैरे काही नव्हती.

कागद आले मुधोळचे (आताच्या कर्नाटकातलं जुनं संस्थान) राजे मालोजीराव घोरपडे यांच्यामुळे, ज्यांनी ही जात जपली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिल्याचं सांगतात. तेव्हापासून नावाचा घोळ आहे, कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब ऑफ इंडिया ह्याला कॅराव्हान हाउंड म्हणतो, दुसरी एक संघटना मुधोळ हाउंड.  २००५ मध्ये टपाल तिकिटावर मुधोळ आला, २०१६ मध्ये सैन्याने पिल्लं मेरठला ट्रेनिंगला नेली.

शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद, आणि ते बरोबरच आहे. माळही कुठे राहिलाय, जिकडे तिकडे ऊस, ठिबकच्या नळ्या आणि तारेचं कुंपण.

मागच्या दिवाळीत पुण्याचं एक जोडपं पिल्लू बघायला आलं. आमच्या आप्पांनी सवयीने पिल्लू उताणं केलं, पंजे दाबून दाखवले, गाद्या बघा म्हणाले कशा आहेत. बाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, 'आप्पा, आमच्याकडे सगळीकडे टाइल्स आहेत, घसरणार नाही ना?' आप्पांना टाइल्सचं काही ठाऊक नव्हतं. पिल्लाचा पंजा तसाच हातात धरून ते जरा वेळ बघत बसले, मग म्हणाले, 'एक जुनं पोतं टाका.'