बॅलास्टचं पाणी आणि जेम्स कार्लटन: थोडी पार्श्वभूमी

गोदावरीत पाणवेली माजली की नाशिकमध्ये दरवर्षी तोच गोंधळ, मशीन आणा, काढा, काठावर ढीग लावा आणि थोड्याच दिवसांत नदी परत हिरवीगार. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती इथवर पोचली कशी, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि मला तर तोच भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. समुद्राच्या बाबतीत हाच प्रश्न आयुष्यभर धरून बसलेला शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचे जेम्स कार्लटन.

सुरुवात १९६२ ची. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या लेक मेरिटच्या काठावर शाळकरी कार्लटनना पांढऱ्या चुनखडी नळ्यांचा गुंता सापडला, आतला किडा तिथला नव्हताच, बाहेरून आलेला. मग आला कसा?

पुढे त्यांनी बोट ठेवलं ते जहाजांवर. रिकामं जहाज फार डुलतं म्हणून टाक्यांत बंदराचंच पाणी भरून घेतात, तेच बॅलास्ट, आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. १९८५ ला त्यांनी यावर मोठा पेपर लिहिला. मग सहकारी शास्त्रज्ञ जोनाथन गेलर यांच्यासोबत ओरेगॉनच्या कूस बे बंदरात जपानहून आलेल्या १५९ जहाजांचं बॅलास्ट तपासलं, चक्क टाकीत प्लँक्टनची, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव पकडायची, जाळी सोडून. यातली बरीच जहाजं लाकडाचे तुकडे न्यायला रिकामी यायची, म्हणजे येताना पोटात नुसता जपानचा समुद्र! त्यात ३६७ प्रकारचे जीव निघाले, खेकडे-शिंपल्यांच्या अळ्या, किडे, काय वाट्टेल ते. हे छापून आलं १९९३ ला, आणि तोवर अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ग्रेट लेक्स या मोठ्या तळ्यांत बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाण्याचे पाइप तुंबवायला सुरुवात केली होती, त्यामुळे लोक ऐकायच्या मूडमध्ये होतेच.

नियम मात्र रमतगमत आले. बॅलास्टच्या पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला. कराराच्या आधीच, बॅलास्टच्या याच प्रश्नावरच्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगातली सहा बंदरं निवडली त्यात मुंबई होती, आणि आपली द्राक्षं जिथून युरोपला निघतात त्या न्हावा शेवासकट तिथल्या जीवांची मोजदाद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं केली, कारण आधी काय होतं याची नोंदच नसेल तर नवीन काय आलं ते कळणार कसं.

कार्लटन तेव्हाही थांबले नव्हते. २०११ च्या जपानी त्सुनामीत वाहून गेलेला कचरा अमेरिकेच्या किनाऱ्याला लागत राहिला, त्यावर त्यांच्या टीमला जपानी किनाऱ्यावरच्या २८९ जाती सापडल्या. लाकूड समुद्रात कुजून संपत गेलं, प्लॅस्टिक आणि फायबर ग्लास वर्षानुवर्षं तरंगत राहिलं आणि त्यावर बसलेले जीव सुद्धा.