खाणपट्ट्यातली जमीन, पेटीतला टीसी आणि परत येणारे अर्ज

गोव्यातल्या डिचोली, साखळी, सांगे, धारबांदोडा या भागांतल्या लोकांना खाणपट्ट्यातल्या जमिनीच्या भरपाईचे अर्ज मी लिहून देतो. लिहून दिलेल्यांपेक्षा परत आलेले अर्ज जास्त वाचले आहेत. कारणं तीचतीच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आले. पोर्तुगीज मजकूर, खाली जांभळा शिक्का, मागच्या पानावर हाताने काढलेला नकाशा, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. वर आकडा: टीसी, आडवी रेघ, सालाचे शेवटचे दोन अंक. आजोबांचं म्हणणं एकच, "ही खाण आमची. वडिलांच्या नावावर आहे. आता लिलाव कसला करतात?"

टीसी म्हणजे 'तीतुलो द कोन्सेसांव', पोर्तुगीज सरकारने दिलेला खाण परवाना. २० सप्टेंबर १९०६ च्या डिक्रीखाली हे परवाने मिळत. खनिज सापडलं की त्याची नोंद करायची, तिला मानिफेस्त म्हणत. मग पाहणी, मग पक्का परवाना. अटी पाळल्या आणि कर भरला तर त्याला मुदत नव्हती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या. आजोबांचा कागद खोटा नाही. पण तो ज्या कायद्यावर उभा होता तो कायदाच गेला. केंद्राचा १९५७ चा खाण कायदा गोव्याला १ ऑक्टोबर १९६३ पासून लागू झाला, आणि १९८७ च्या कायद्याने हे परवाने रद्द करून त्यांना साधं खाण लीज, म्हणजे भाडेपट्टा, ठरवलं, तेही २० डिसेंबर १९६१ पासून मागे जाऊन. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला सांगितलं की ही लीजं २२ नोव्हेंबर १९८७ ला संपली आणि नूतनीकरणाची वीस वर्षं २२ नोव्हेंबर २००७ ला. त्यानंतर सरकारने ८८ लीजांचं पुन्हा नूतनीकरण केलं, तेही ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झालं. आता नवं लीज मिळतं ते लिलावातूनच. पहिले चार ब्लॉक, म्हणजे डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले, डिसेंबर २०२२ मध्ये असेच गेले. म्हणून 'आमची खाण परत द्या' असा अर्ज कृपा करून लिहू नका. तो कुठल्याही टेबलावर गेला तरी परतच येणार.

केरळमधल्या एका खटल्याची प्रत हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते: २०१३ चा निकाल, जमीन ज्याची त्याचंच खनिज. तो मलबारातल्या जन्मी, म्हणजे पूर्ण मालकीहक्काच्या, जमिनींचा निकाल आहे. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून वर जमीनमालक आणि खाली परवानेवाला असे दोन वेगळे हक्क चालत आले. ती प्रत अर्जाला जोडल्याने अर्ज फक्त जाड होतो.

मागता येतं ते दुसरंच. खाण कायद्याच्या २४-अ कलमाप्रमाणे लीजधारकाने जमिनीच्या पृष्ठभागाचं नुकसान केलं तर त्याची भरपाई द्यायची असते. रक्कम ठरवतं राज्य सरकार, पैसे देतो लीजधारक. भरपाई कोणाला, तर जमीन ताब्यात असणाऱ्याला. भरपाईच्या या कलमात 'मालक' हा शब्द नाही, हे दोनदा वाचा. भाटकाराचं (जमीनदाराचं) नाव वर आणि कुळाचं नाव कुळाच्या रकान्यात असेल तर कसणारं कूळही मागू शकतं. भाटकार म्हणतो मी, कूळ म्हणतं मी, आणि दोघांचे वेगवेगळे अर्ज एकाच सर्व्हे नंबरवर गेले की खाण खातं दोन्ही बाजूला ठेवतं. आधी आपसात लिहून घ्या, नाहीतर मामलेदाराकडे तो वाद मिटवा. मये गावात आणखी एक अडचण आहे. तिथे बऱ्याच उताऱ्यांवर मालक म्हणून कस्टोडियन, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता सांभाळणारा सरकारी अधिकारी, आहे. सनद मिळालेली असेल तर ती जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोमुनिदादची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, जमीन असेल तर अर्ज कोमुनिदादने करायचा, तिच्या एखाद्या सदस्य गावकाराने एकट्याने नव्हे.

आता कोणाकडेच नसलेला कागद. शेतजमिनीची वार्षिक भरपाई काढताना मागच्या तीन वर्षांचं सरासरी निव्वळ उत्पन्न धरतात. एक-चौदाच्या उताऱ्यात (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा, नमुना एक आणि चौदा) चौदाचा भाग पिकांचा. तिथे वर्षानुवर्षं रेघ, कारण शेताच्या जागी खड्डा किंवा खाणीतल्या मातीचा डंप. खिडकीवरचा माणूस विचारतो, "उत्पन्नाचा पुरावा?" बिचारा शेतकरी म्हणतो, "शेत कुठे आहे पुरावा द्यायला?" आणि घरी जातो. असे किती गेले असतील! नियमात 'त्यासारख्या जमिनीचं' उत्पन्न असं स्पष्ट म्हटलंय, तुमच्याच जमिनीचं नव्हे. म्हणून शेजारच्या, त्याच प्रतीच्या जमिनीचा उतारा घ्या. भाताची असेल तर सरद (पावसाळी) आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचं) दोन्ही पिकं होतात की एकच, तेही लिहा. विभागीय कृषी कार्यालयाकडून त्या भागातल्या सरासरी उत्पन्नाचं पत्र मागा. शेजाऱ्याचं कृषी कार्ड असेल तर त्याची प्रत. काजू बागायत किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असेल तर भाताचा दर लावून घेऊ नका. बिनशेती जमिनीला पिकाचा नव्हे, भाड्याचा हिशेब लागतो, तोही तशाच जमिनीच्या तीन वर्षांच्या सरासरीवर. अर्जात नियमाचे शब्दच लिहा, म्हणजे खिडकीवर तोंडी वाद घालावा लागत नाही.

आजोबांच्या टीसीचा उपयोग इथे होतो. हक्क म्हणून नव्हे, तुमची जमीन लीजच्या हद्दीत होती याचा पुरावा म्हणून. खात्याच्या फायली गावाच्या नावाने नव्हे, टीसी क्रमांकाने शोधतात. 'शिरगावची खाण' म्हटलं तर एकाच डोंगरावर तीन-चार लीजं निघतात. टीसीचा नकाशा जुना, आजचे सर्व्हे नंबर मुक्तीनंतरच्या मोजणीतले. दोन्ही एकावर एक बसवून घेण्याचं काम भूमापनवाल्याकडून करून घ्या. स्वतः पेन्सिलीने रेघा मारलेला नकाशा जोडलेला मी पाहिलाय, तो कोणी बघितलाही नाही. आजोबांच्या नकाशात एक व्हाळ दाखवला होता, तो आजही तिथून वाहतो. मोजणीदाराने तोच धरून हद्द लावली. टीसीची प्रत घरात नसेल तर माहिती अधिकारात खाण खात्याकडे मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, न आल्यास पहिलं अपील. बोलेतीं ऑफिसियालचे (पोर्तुगीज काळातल्या सरकारी राजपत्राचे) जुने अंक पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चाळता येतात.

पोर्तुगीज मजकुराचं भाषांतर अधिकृत भाषांतरकाराचंच हवं, आणि ते मिळणं सोपं नाही. आधीच नंबर लावा. भाषांतर आलं की नावं तपासा. शेणवीचं सिनाय, शंकरचं 'एक्स'ने सुरू होणारं काहीतरी. उताऱ्यावर एक नाव, टीसीवर दुसरं, आधारवर तिसरं. तिन्ही एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून जोडा. त्रुटीचं पत्र आल्यावर करायला बसलात तर पावसाळा निघून जातो.

वारसांच्या बाबतीत आपला कायदा इतर राज्यांपेक्षा वेगळा, हे घरातल्या मुलग्यांना अर्ज करताना आठवत नाही. लग्न झालेल्या बहिणी वारस आहेत, आणि सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे बहिणीच्या नवऱ्याचीही सही लागते. इन्व्हेंटरी (न्यायालयातून होणारी वारसांची वाटणी) किंवा वारसाहक्काचा दस्त न करता तीन भावांनी सह्या करून पाठवलेला अर्ज मी स्वतःच एकदा लिहून दिला होता, अजून लाज वाटते. आठ महिन्यांनी परत आला.

मुदतीबद्दल. लीज संपल्यावर झालेल्या नुकसानीचं मूल्यांकन एका वर्षात करायचं, असा नियम आहे. लोक वाचतात की अर्ज एका वर्षात करायचा, आणि उशीर झाला म्हणून सोडून देतात. ती मुदत सरकारला घातलेली आहे, तुम्हाला नव्हे. ती पाळली जाते का, ते मी सांगायला नको. दुसरी चूक अशी की लोक मशीन बंद पडल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे २०१२ ची बंदी किंवा मार्च २०१८. खाण बंद होणं आणि लीज संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात दोन्ही तारखा लिहा, आणि उशीर झाला असेल तर त्याचं कारण एका ओळीत.

जिल्हा खनिज निधीकडे वैयक्तिक पिकाच्या भरपाईसाठी जाऊ नका. तो पैसा बाधित गावांतल्या कामांसाठी असतो. लीजच्या हद्दीबाहेर शेतात चिखल वाहून आला असेल तर तेही या अर्जात घुसडू नका, ते प्रकरण वेगळं चालतं.

बाकी सगळं नेहमीचं: साध्या कागदावर अर्ज, ताजा एक-चौदा, आधार, बँक पासबुकाची प्रत, पणजीच्या खाण खात्यात आवक, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मूळ टीसी कोणी मागितला तरी देऊ नका, दाखवा आणि साक्षांकित प्रत द्या. आजोबांचा पिशवीत परत गेला, वाळवीचं औषध मारून.