ऊन-सावलीत पानाची तपासणी: बोलावण्याआधी एवढं वाचा

पान उन्हात कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. हे काम करणारं रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) मात्र मधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं. ती चूक निस्तरताना पानाची ऊर्जा जाते आणि कमावलेला थोडा कार्बन परत हवेत सुटतो. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात, आणि आमची तपासणी तेच मोजते. सोयाबीन, भुईमूग, भात या पिकांत २५ अंशांच्या आसपास कमाईचा साधारण पाव हिस्सा असा जातो. ऊन तापलं की जास्तच.

उसाचं तसं नाही. ऊस, मका, ज्वारी रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटून ठेवतात, त्यामुळे ही गळती नगण्य. शिरोळ, हातकणंगल्याकडून उसासाठी विचारणा होते, तेव्हा आम्ही स्पष्ट सांगतो: या तपासणीवर पैसे घालू नका.

सोयाबीनचं पान आम्ही झाडावरच, न तोडता, यंत्राच्या चिमट्यात धरतो. दिव्याखाली ते स्थिरावलं की दिवा पटकन बंद करतो. साखर बनणं थांबतं, पण आधीच्या चुकांची निस्तरानिस्तर चालूच राहते. त्यामुळे पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा काही सेकंद उसळतो, मग खाली बसतो. ती उसळी म्हणजे प्रकाशश्वसनाची खूण. तिचा काही भाग पान स्वतःच पुन्हा शोषतं, म्हणून आम्ही एवढ्यावर थांबत नाही. त्याच पानाला २१ टक्क्यांऐवजी २ टक्के ऑक्सिजनची हवा देऊन दोन्ही आकडे ताडून पाहतो.

सुरुवातीला आम्ही एकाच स्थिर उजेडात मोजून रिपोर्ट द्यायचो. ते अपुरं होतं. आपल्याकडे श्रावणात सोयाबीन फुलोऱ्यात असतं आणि ढग सारखे येऊन-जाऊन असतात. सावली पडली की पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत घेणारी पानावरची बारीक छिद्रं, मिटू लागतात. ऊन परतलं तरी ती उघडायला कित्येक मिनिटं घेतात. तेवढ्या वेळात पानातला कार्बन डायऑक्साइड आटला, की ऑक्सिजनचं पारडं जड होतं. म्हणून आता दिवा कमी-जास्त करत तासन्‌तास मोजतो. एका पानावरून निष्कर्ष काढत नाही. प्रत्येक वाणाची निदान पाच झाडं घेतो.

आम्ही यायच्या दिवशी फवारणी नको, रानाला वाफसा हवा. दव सुकल्याशिवाय सुरुवात करत नाही, पान ओलं असेल तर आकडे फसवे येतात. रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी त्या क्षणाचा उजेड आणि पानाचं तापमान लिहिलेलं असेल. नसेल, तर हक्कानं मागा.