चॅटनूगाला जायचं ठरवताय? ट्रक सांगण्याआधी हे वाचा

(एडिसन आणि आसपासच्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

आमचं काम सामान बांधायचं, न्यायचं आणि उतरवून द्यायचं. पण नव्या गावी थाटलेलं घर दोन वर्षांत मोडून तेच सामान न्यू जर्सीला परत आणायची वेळ आलेली कुटुंबंही आम्ही पाहिली आहेत. तो खर्च आणि तो मनस्ताप तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे पत्रक.

पूर्वी विचारणा असायची नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट आणि रॅलीची. आता टेनेसीतल्या चॅटनूगाचं नाव वरचेवर ऐकू येतं. 2020 च्या जनगणनेत वस्ती 1,81,099. ना खेडं, ना महानगर. गावाला वळसा घालणारी टेनेसी नदी, डोक्यावर लुकआउट माउंटन, आणि 1890 चा वॉलनट स्ट्रीट पूल, जो 1993 पासून फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. 1969 मध्ये देशातली सर्वांत घाणेरडी हवा इथली, असा शिक्का या गावावर बसला होता. तिथून ते आजच्या रूपाला आलं, याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. घरून काम करणाऱ्यांसाठी तर मोठीच सोय: गावाच्या मालकीच्या वीज कंपनीने 2010 मध्येच आपल्या सगळ्या भागात एक गिगाबिटचं इंटरनेट दिलं.

पैशाचा हिशोब

टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही. नवराबायको एकत्र विवरणपत्र भरत असाल आणि करपात्र उत्पन्न 1,50,000 डॉलर असेल, तर न्यू जर्सीचा कर साधारण 5,500 डॉलर होतो. तो वाचेल. घरपट्टीही बरीच उतरेल, कारण न्यू जर्सीइतकी जड घरपट्टी देशात क्वचितच कुठे असेल.

पण दुसरं पारडंही बघा. इथे विक्रीकर 6.625 टक्के, आणि कपडे व बहुतेक किराणा त्यातून वगळलेला. चॅटनूगात 9.25 टक्के, कपड्यांवरसुद्धा. किराण्यावर राज्याचे 4 आणि स्थानिक 2.25 मिळून 6.25 टक्के. महिन्याला हजार डॉलरचा किराणा भरणाऱ्या घराचे वर्षाला 750 डॉलर निव्वळ या करात जातात. शिवाय दुसरी गाडी लागतेच. तिचा हप्ता, विमा आणि पेट्रोल मांडून मगच बचतीचा आकडा काढा.

एक खाच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी टेनेसीतल्या घरून काम करणार असाल, तर न्यूयॉर्क त्या पगारावर कर लावतंच. आज न्यू जर्सीत राहताना त्याचं क्रेडिट तुम्हाला इथल्या करात मिळतं. टेनेसीत पगारावर करच नाही, मग क्रेडिट मिळणार कशातून? अशांची आयकराची बचत जवळजवळ शून्यावर येऊ शकते. सीएला पहिला प्रश्न हाच विचारा.

घर विकून जाणार असाल तर विक्री आधी की मुक्काम हलवणं आधी, हेही ठरवून करा. राज्य सोडल्यावर घर विकलं, तर न्यू जर्सी विक्रीच्या वेळीच कराची आगाऊ रक्कम कापून घेते, किमान विक्री किमतीच्या 2 टक्के. लोक त्याला एक्झिट टॅक्स म्हणतात. तो वेगळा कर नव्हे, विवरणपत्रात त्याचा हिशोब होतो. पण ऐन नवं घर घेताना तेवढी रोकड अडकते.

एचवनबी व्हिसावर असाल तर

घरून काम करणाऱ्याचं घर हीच कामाची जागा. ती दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली की कंपनीला नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार सांगणारा कामगार खात्याचा अर्ज) काढून सुधारित अर्ज भरावा लागतो, आणि तो तुम्ही हलण्याआधी. 2015 पासून हा नियम स्पष्ट आहे. ग्रीन कार्डसाठी लागणारी कामगार खात्याची मंजुरी, म्हणजे पर्म, तर कामाच्या ठिकाणाशीच बांधलेली असते. मॅनेजरचं तोंडी "हो" इथे पुरत नाही. वकिलाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय आम्हालाही तारीख देऊ नका.

नोकरीचाही विचार करा. फोक्सवागनचा कारखाना 2011 पासून सुरू आहे, युनम आणि ब्लूक्रॉस ब्लूशील्ड ऑफ टेनेसी या विमा कंपन्यांची मुख्यालयं गावात आहेत. चांगल्या जागा आहेत, पण मोजक्या. न्यू जर्सीत नोकरी गेली तर तासाभराच्या अंतरात शंभर कंपन्या. तिथे जोडीदाराचीही नोकरी शोधायची असेल तर कस लागतो.

आई-बाबा येतात तेव्हा

या मुद्द्यावर आम्ही जरा जास्तच बोलतो, कारण घर परत हलवणाऱ्यांकडून हेच कारण आम्ही वारंवार ऐकलं.

गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत एकदा खोकी उतरवत होतो. चार बेडरूम, मागे डेक, पलीकडे झाडीच झाडी. मुलगा-सून हरखून गेलेले. पुण्याहून आलेल्या आजी स्वयंपाकघरात डबे लावत होत्या. आमच्या कामावरच्या मुलाला पाणी देताना त्यांनी विचारलं, "इथून चालत कुठे जाता येतं रे?" तो बाहेर जाऊन बघून आला. रस्त्याला फुटपाथ नव्हता. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं, एवढंच. एडिसनला त्या ओक ट्री रोडपर्यंत पायी जायच्या, कोथिंबिरीची जुडी घेऊन बाकावर दोघी-तिघींशी बोलून यायच्या.

गावाच्या मध्यभागी फुकट विजेची बस फिरते, नदीकाठी चालायला सुरेख जागा आहे. पण आपली मंडळी सहसा घरं घेतात ती गावाबाहेर ईस्ट ब्रेनर्ड, उल्टवाकडे. तिथे गाडी न चालवणारा माणूस दुसऱ्याच्या सवडीवर जगतो. वर्षातले सहा महिने आई-बाबा तुमच्याकडे असतील, तर घर निवडताना त्यांच्या पायांनी निवडा. एक बेडरूम कमी चालेल.

मराठी माणसांचंही तसंच. महाराष्ट्र मंडळ हवं तर अटलांटा, दोन तास. नॅशव्हिलचं गणेश मंदिर सव्वादोन तास, आणि तिथलं घड्याळ एक तास मागे, म्हणून आरतीची वेळ नीट बघून निघा. लांबच्या विमानांसाठीही बहुधा अटलांटाच. गावात देशी कुटुंबं आहेत, गुजराती तर बरीच, आणि लहान जागी ओळखी घट्ट होतात हेही आम्ही पाहिलं आहे. मात्र गणपतीला पन्नास माणसं आपोआप जमतील असं धरून चालू नका. ती तुम्हाला जमवावी लागतील.

हवा म्हणाल तर बर्फ उपसायचं काम जवळपास संपतं. जुलै-ऑगस्ट दमट, आणि वसंतात परागकण भरपूर. आणि वादळं: 12 एप्रिल 2020 ला ईस्टरच्या रात्री ईस्ट ब्रेनर्डमध्ये टोर्नेडोने घरं उद्ध्वस्त केली. घर बघताना तळघर किंवा आतली, खिडकी नसलेली खोली आहे का, हे विचाराच. आमचं आग्रहाचं सांगणं, ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन आठवडाभर भाड्याच्या घरात राहून या. ऑक्टोबरच्या रंगीत झाडांकडे बघून निर्णय घेऊ नका.

सामानाबद्दल

अंतर साधारण 800 मैल. राज्याबाहेर सामान नेणाऱ्याकडे केंद्रीय वाहतूक खात्याचा यूएसडॉट नंबर हवा. तो आमच्याकडेही मागा, इतरांकडेही. ग्राहकांच्या हक्कांची सरकारी पुस्तिका देणं आमच्यावर बंधनकारक आहे, मागून घ्या. खर्चाचा अंदाज बंधनकारक (बाइंडिंग) नसेल, तर सामान उतरवताना अंदाजाच्या 110 टक्क्यांहून जास्त रक्कम कोणी मागू शकत नाही. नुकसानीची तक्रार नऊ महिन्यांच्या आत लेखी करायची.

नुकसानभरपाईच्या रकान्यात सही करण्याआधी थांबा. "रिलीज्ड व्हॅल्यू" फुकट असतं, पण त्यात भरपाई पौंडाला 60 सेंट. पन्नास पौंडांचा दीड हजार डॉलरचा टीव्ही फुटला तर हातात 30 डॉलर. पूर्ण किमतीचं संरक्षण हवं असेल तर तेच निवडा.

अंगणातल्या खुर्च्या, ग्रिल, सायकली उलट्या करून तपासा. ठिपकेदार लँटर्नफ्लाय या किडीसाठी न्यू जर्सीत क्वारंटाइन आहे. तिची अंडी वाळलेल्या चिखलाच्या फराट्यासारखी दिसतात. खरवडून काढा, मगच आम्ही सामान चढवू. कुंड्या ट्रकमध्ये घेत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून कागदाच्या पुडीत बांधा आणि पर्समध्ये ठेवा. एप्रिल संपताना तिथे पेरल्या की पावसाळ्याच्या महिन्यांत रोपं हातभर होतात.