समोरचा ‘शहा’ आहे का? वॉलेट तपासण्याची पार्श्वभूमी

वऱ्हाडातल्या कापसाच्या पेठांत पैसा एकेकाळी हुंडीवर, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीवर, फिरायचा. हुंडीचे प्रकार बरेच होते. त्यातल्या शाहजोग हुंडीचे पैसे फक्त ‘शहा’ला द्यायचे, म्हणजे पेठेत पत असलेल्या ओळखीच्या माणसाला. हुंडी घेऊन आलेला कोण, कुठला, याची चौकशी पैसे देणाऱ्याने करायची. पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर ज्या शहाने पैसे उचलले त्याला ते व्याजासकट परत करावे लागत. क्रिप्टोचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांचा, व्यवहार करण्याआधी समोरच्याचं वॉलेट (नाणी ज्या पत्त्यावर जमा होतात ते खातं) तपासा, असं आज सांगतात ते याच गरजेतून. पण इथे पैसे परत करायला बांधलेला शहा नाही. एकदा पाठवलेलं परत ओढून घेता येत नाही, म्हणून सगळी चौकशी आधीच उरकावी लागते.

बिटकॉइनची वही, म्हणजे त्याच्या सगळ्या व्यवहारांची नोंद, ३ जानेवारी २००९ ला सुरू झाली. ती पहिल्यापासून उघडी आहे. कोणत्या पत्त्यावरून कुठे, किती आणि कधी गेलं, हे कोणालाही वाचता येतं. पत्त्यामागच्या माणसाचं नाव मात्र तिच्यात नसतं. सुरुवातीला वॉलेट म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम होता, आणि किल्ली, म्हणजे नाणी खर्चायला लागणारा गुप्त आकडा, आपल्याजवळ असायची. बहुतेकांना ते जड गेलं आणि त्यांनी नाणी एक्स्चेंजकडे, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, ठेवली. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडालं. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचं त्यांनी सांगितलं. त्यातले दोन लाख नंतर सापडले. त्यानंतर ‘किल्ली कोणाच्या हातात आहे’ हा प्रश्न लोक आधी विचारू लागले. किल्ली १२ किंवा २४ शब्दांत लिहून ठेवण्याची पद्धतही त्याच काळात रुळली. ते शब्द जो मागेल तो चोर समजावा, मग तो ‘कस्टमर केअर’ म्हणवणारा का असेना.

आपल्याकडे या नाण्यांची ओळख झाली ती साखळी योजनांतून. ‘गेनबिटकॉइन’ने महिन्याला १० टक्के, सलग १८ महिने, असं आमिष दाखवलं, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली. त्याच वर्षी ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर आला, आणि गावोगावच्या एजंटांना आयतं वाक्य मिळालं: ‘सरकार टॅक्स घेते, म्हणजे मान्यताच हाय.’ कर म्हणजे परवाना नव्हे, हे तेव्हा कोणी नीट समजावून सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी पाहता येते. पण नोंदणी असली म्हणजे पैसा सुरक्षितच, असंही नाही: जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेले.

पत्त्यांवर शिक्का मारण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या अर्थखात्याने निर्बंधांच्या यादीत पहिल्यांदा बिटकॉइनचे पत्ते घातले. चोरीच्या पैशाचा माग काढणाऱ्या कंपन्या त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. चोरही शिकले. तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच पहिली आणि शेवटची अक्षरं असलेला पत्ता ते बनवतात, त्यावरून तुम्हाला चिल्लर पाठवतात, आणि पुढच्या वेळी तुम्ही जुन्या यादीतून तोच कॉपी कराल याची वाट बघतात. म्हणून मधली अक्षरंही जुळवून पाहावी लागतात.

मागच्या हंगामात माझा पुतण्या कापसाचा चुकारा घेऊन आला आणि मोबाइल पुढे केला. गावातल्याच एका ओळखीच्याने त्याला ॲप टाकून दिलं होतं. आधी १८ हजारांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं) पाठवून झाले होते, आणि आकडा ३१ हजारांवर गेलेला. “काकाजी, पैसे तं दिसून रायले ना!” ज्या पत्त्यावर पैसे पाठवले तो मी मागितला. टी अक्षराने सुरू होणारा, म्हणजे ट्रॉन नावाच्या साखळीवरचा (साखळी म्हणजे बिटकॉइनसारखीच व्यवहारांची वही). त्या साखळीची उघडी वही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तो टाकला. पत्ता अकरा दिवसांपूर्वीचा. शेकडो लहान रकमा आत आलेल्या, आणि प्रत्येक वेळी काही मिनिटांतच सगळं दुसरीकडे वळतं केलेलं. शिल्लक जवळपास शून्य. ॲपमधले ३१ हजार फक्त त्या स्क्रीनवर होते.

तो शेताचा सौदा करताना सातबाऱ्यावरचा बोजा बघितल्याशिवाय इसार देत नाही. इथे मात्र त्याने माणूस पाहिला, कारण माणूस सोयऱ्यातला होता. त्या माणसालाही हा पत्ता व्हॉट्सॲपवर वरून कोणीतरी पाठवलेला. त्याने स्वतःचेही पैसे त्यात घातले होते.

चुकारा वाचला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, तेव्हा त्यांनी व्यवहाराचा क्रमांक मागितला. तो मी त्याच वहीतून उतरवून दिला. पुतण्याची ओळ तिथे अजून दिसते: तारीख, वेळ, रक्कम, आणि त्याखाली चार मिनिटांनी ती पुढे गेल्याची नोंद.