स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल व फिल्टर : बदलण्याचा कालावधी

टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या प्रवाहातून इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल (एटीएफ) आणि ते गाळणारा फिल्टर ठरावीक किलोमीटर किंवा वर्षांनी बदलावे लागतात. साध्या वापरात ८०,००० ते १,००,००० कि.मी. आणि कष्टाच्या वापरात सुमारे ५०,००० कि.मी. हा धरून चालण्याजोगा टप्पा आहे. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी अंतर दिलेले असल्यास तेच पाळावे.

इंजिन ऑइलच्या मानाने एटीएफवर कामाचा बोजा अधिक असतो. ते दातेरी चक्रांना वंगण पुरवते, उष्णता वाहून नेते, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवते आणि व्हॉल्व्ह बॉडीतून, म्हणजे तेल हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातून, दाबाने वाहत क्लच दाबून धरते. क्लचच्या चकत्या तेलातच बुडालेल्या असल्याने त्यांनी किती घसरावे आणि कोणत्या क्षणी घट्ट धरावे हे तेलातील घर्षण-नियंत्रक रसायनांवर ठरते. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळत असत, आणि त्यावर बंदी आल्यानंतर उत्पादकांना कृत्रिम पर्याय शोधावे लागले. जुन्या तेलाचा हा घर्षणाचा गुण उतरू लागला की गिअर बदलताना झटका बसतो, गिअर उशिरा पडतो किंवा ठरावीक वेगाला गाडी थरथरते.

तेलाचा खरा शत्रू उष्णता आहे. नेहमीच्या चालीत तेलाचे तापमान साधारण ८० ते ९५° से. असते, त्यापुढे प्रत्येक १० अंशांना ऑक्सिडीकरणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून मुंबई-पुण्याच्या कोंडीत रोज तासन्‌तास थांबत-सरकत जाणारी, भर उन्हाळ्यात माणसे व सामान भरून घाट चढणारी किंवा मागे ट्रेलर ओढणारी गाडी पुस्तिकेच्या भाषेत ‘कठीण वापरा’तच मोडते. आपला वापर साधाच आहे असे बहुतेक मालक गृहीत धरतात आणि तिथेच हिशेब चुकतो.

अनेक कंपन्या हे तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणून सांगतात. त्या शब्दावर विसंबून राहणे घातक आहे. अनेक युरोपीय गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० कि.मी. किंवा ८ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलण्याची शिफारस करते. तेलबदलाचा खर्च गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्याच्या खर्चापुढे अगदी किरकोळ असतो.

फिल्टर बहुधा गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल पॅनमध्ये असतो. क्लचची झीज त्यात साठते, तर लोखंडी कीस पॅनमधील चुंबकांना चिकटतो. पॅन उतरवल्यावर फिल्टर व गॅस्केट बदलणे आणि चुंबक पुसणे हे ओघानेच आले. झेडएफच्या सहा व आठ गिअरच्या अनेक गिअरबॉक्सांत फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असल्याने अख्खा पॅन बदलावा लागतो. काही गिअरबॉक्सांत फिल्टर आतल्या बाजूस असतो व गिअरबॉक्स खोलल्याशिवाय हाती लागत नाही. तिथे तेल वेळेवर बदलणे एवढाच उपाय उरतो.

नट काढून तेल सोडल्यास साधारण निम्मे किंवा त्याहून कमीच बाहेर पडते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये व तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये राहते. त्यामुळे थोडे अंतर चालवून दोन-तीनदा तेल सोडणे व भरणे ही पद्धत सुरक्षित समजली जाते. तेलबदलानंतर जुना गिअरबॉक्स बंद पडतो, ही समजूत गॅरेजांमध्ये पक्की रुजलेली आहे. अशा बहुतेक गाड्यांत क्लच आधीच झिजलेले असतात आणि मालक गिअर घसरू लागल्यावरच तेलबदलाला आलेला असतो. तेल करपल्यासारखे काळपट दिसत असेल तर आधी गिअरबॉक्सची तपासणी करून घ्यावी. ते दुधाळ गुलाबी झाले असल्यास त्यात रेडिएटरमधील पाणी शिरले आहे, आणि मग किलोमीटर मोजत बसण्याची वेळ उरत नाही.

भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या रचना येतात. सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा व पुली यांवर चालणारी रचना) तिचे स्वतःचे तेल लागते, त्यात साधे एटीएफ चालत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजी या दोन क्लचच्या गिअरबॉक्ससाठी ६०,००० कि.मी. हा टप्पा आहे. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून रुळलेल्या एएमटीत (यंत्रणा स्वतःच क्लच दाबते व गिअर बदलते) मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो व त्यात गिअर ऑइल पडते, म्हणून वरील कालावधी तिला लागू होत नाहीत.