फुटलेल्या बँडची शेवटची रेकॉर्ड

रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर रंगीबेरंगी कव्हरची एक रेकॉर्ड दिसली. मित्राने ती उलटसुलट करून पाहिली आणि पुणेरी निकाल दिला : "स्पेलिंग चुकलंय. डुप्लिकेट आहे." 'ओडिसी'च्या स्पेलिंगमध्ये पहिल्या 'वाय'च्या जागी 'ई' होता. पथारीवाला म्हणाला, "घ्यायची तर घ्या, नाहीतर ठेवा खाली." आम्ही ठेवली.

घरी येऊन शोधलं, तर चूक मूळचीच निघाली! 'ओडेसी अँड ओरॅकल' हा 'द झॉम्बीज' या इंग्लिश बँडचा 1968 चा अल्बम. कव्हर टेरी क्वर्क या चित्रकाराने रंगवलं. तो आणि बेस वाजवणारा ख्रिस व्हाइट एकाच घरात राहायचे. चूक लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. मग कीबोर्डवाल्या रॉड अर्जेंटने हा 'ओड' (एक काव्यप्रकार) या शब्दावरचा मुद्दाम केलेला श्लेष असल्याचं ठोकून दिलं, आणि ते बरीच वर्षं खपलंही.

सेंट ऑल्बन्स गावची ही पाच पोरं. 1964 साली त्यांचं पहिलंच गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढची बहुतेक पडली. 1967 मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने अल्बमसाठी हजार पौंड दिले. जूनमध्ये ते लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत शिरले, तेव्हा बीटल्स नुकतेच तिथून बाहेर पडले होते आणि त्यांच्यातल्या जॉन लेननचा मेलोट्रॉन मागेच राहिला होता. या वाद्याला पेटीसारख्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. पट्टी दाबली की आधी रेकॉर्ड केलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर वाजतो. आठेक सेकंदांत फीत संपते, सूरही संपतो. हजार पौंडांत ऑर्केस्ट्रा कुठून आणणार? या उसन्या पेटीवरच भागवलं.

एका स्पीकरसाठीचा मोनो मिक्स सोपवल्यावर कंपनीने दोन स्पीकरांचा स्टिरिओही मागितला. पैसे संपले होते, म्हणून अर्जेंट आणि व्हाइट यांनी पदरचे घातले. त्यांच्याकडे ते होते, कारण गाणी तेच लिहायचे आणि रॉयल्टी त्यांनाच मिळायची. गायक कॉलिन ब्लनस्टोन, गिटारवाला पॉल ॲटकिन्सन आणि ड्रमवाला ह्यू ग्रंडी यांची कमाई फक्त कार्यक्रमांची, आणि कार्यक्रम आटत चाललेले. माझ्या मते बँड फुटला तो इथेच. आपल्याकडेही कॉलेजातले बँड सुरावरून क्वचितच तुटतात. एकाला हिंजवडीत नोकरी लागते, दुसऱ्याचं लग्न ठरतं. डिसेंबर 1967 मध्ये झॉम्बीज संपले. अल्बम एप्रिल 1968 मध्ये आला. स्टेजवर उभं राहून तो विकायला कोणीच उरलं नव्हतं, मग पडणार नाही तर काय? ब्लनस्टोन तर विमा कंपनीत कारकुनी करू लागला.

अमेरिकेतही अल्बम निघाला तो संगीतकार अल कूपरने कोलंबिया कंपनीच्या मागे लकडा लावला म्हणून. त्यातलं शेवटचं गाणं 1969 च्या सुरुवातीला तिथे तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. अल्बमची मजल मात्र पंच्याण्णवपर्यंतच. कार्यक्रमांना मागणी आली, पण बँड कुठे होता? तेव्हा काही बहाद्दरांनी 'झॉम्बीज' नावाने खोटे बँड उभे करून दौरे केले. त्यांपैकी एकातले दोघे पुढे 'झीझी टॉप' या अमेरिकन रॉक बँडमध्ये नावारूपाला आले.

म्हणजे त्या काळी डुप्लिकेट होते ते बँड. रेकॉर्ड अस्सल होती. बुधवारी कामावर दांडी मारून पुन्हा जुन्या बाजारात गेलो. त्या पथारीवर आता मिक्सरची भांडी मांडलेली होती.